मंधातला कोन?

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात आता सर्टिफिकेटं आपोआप नवी होतात. वेबसाइट उघडली की पत्त्याशेजारी जे छोटंसं कुलूप दिसायचं ना, त्याच्यामागचं सर्टिफिकेट. त्याला मुदत असते. मुदत संपायच्या आत एक इवलासा प्रोग्राम उठतो, नवं आणतो, बसवतो आणि पुन्हा झोपतो. कोणाला विचारत नाही, कोणाचा घाम काढत नाही. चांगलंच आहे, माझी काही तक्रार नाही. पण मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास एसीच्या त्या बिनवासाच्या हवेत माझे डोळे जड होतात, आणि कुठून कोण जाणे, ओल्या वाळ्याचा वास येतो. कूलर घरघरतो. आणि अगदी शेजारी बसून कोणीतरी म्हणतं, "वाच." मी दचकून बघते. शेजारी कोणी नसतं.

"वाच" म्हणणारे काका मला भेटले इतवारीत. माझी पहिली नोकरी. खाली भांड्यांची लाइन, त्यातलं एक दुकान माझ्या बाबांचं, आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर लोकांच्या वेबसाइटी चालवणारी एक चिमुकली कंपनी. मैत्रिणी इंजिनिअरिंग करून पुण्याला गेल्या, हैदराबादला गेल्या, मी जिना चढून वर गेले. बाबा म्हणाले, "चांगलं झालं, जेवायले खाली येत जाशीन." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

वर ऑफिसात आम्ही तिघंच होतो. साहेब, म्हणजे मालक, मी आणि काका. काका पन्नाशीचे, काडीसारखे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. त्यांची खुर्ची कूलरच्या तोंडाशी होती आणि त्यांचे डोळे मिटलेले असत. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाप्पा, इथं झोपायचा पगार मिळतो की काय! डावा अंगठा मात्र पहिल्या बोटावर सारखा फिरत असायचा. मी विचारलं, "काका, जप करता का?"

"नाही वं," ते डोळे न उघडता म्हणाले. "धागे जोडून राहिलो."

त्यांचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. मागावरचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडावा लागतो. हजारो धागे. ते काम लहान बोटांचं, म्हणून लहानपणी त्यांच्याकडे आलं होतं. माग केव्हाच गेला, बोटं काही थांबली नाहीत. "एक धागा सुटला तं लुगड्यात वरून खालपर्यंत फट पडते," ते म्हणायचे. "अन विणनाऱ्याले ते दिसतच नाही. नेसनारीले दिसते."

सर्व्हर बिघडला की ते स्क्रीनकडे बघतही नसत. मी शेजारी बसून एरर लॉग, म्हणजे सर्व्हरनंच लिहून ठेवलेली चुकांची यादी, मोठ्यानं वाचायचा, त्यांनी मिटल्या डोळ्यांनी ऐकायचं. ओळीच्या ओळी इंग्रजी, आकडे, तारखा, तिरप्या रेघा. दोन ते चार इतवारीची हालचाल मंदावते. हातगाड्यांवर माणसं आडवी होतात, दुकानदार गादीवर कलंडतात, भांड्यांचा खणखणाट थांबतो. त्या वेळात मी वाचत बसायचे आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटायचा. मधेच काका म्हणायचे, "थांब. मागची ओळ." आणि दुखणं नेमकं त्या ओळीत असायचं. मोठी दुरुस्ती ते याच वेळात करत. म्हणायचे, या वेळी नागपुरात एकही माणूस फॉर्म भरत नाही. पाच-सहा महिन्यांनी मी नोंदी काढून पाहिल्या. खरंच कोणी भरत नव्हतं.

सुरक्षित कनेक्शन म्हणजे काय, हे ते गिऱ्हाइकाला असं सांगायचे: "ब्राउझर म्हंजे पाव्हणा. तो दारात येते, रामराम करते. सर्व्हरनं रामराम घ्यावा. मंग पाव्हणा इचारते, तुम्ही कोन, तुमाले वळखते कोन? सर्व्हरनं कागद दाखवावा. कागद पटला की दोघं आपसात एक भाषा ठरवतात अन दार लावून घेतात. मंग आतमधलं बाहेरच्याले समजत नाही." गिऱ्हाईक मान हलवायचं. गेल्यावर काका मला म्हणायचे, "रामराम बिघडला की सारं बिघडलं. बाकी काही पाह्यचं काम नाही."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं, वागणंही तसंच होतं. आमच्या दुकानात ते कितीदा आले असतील, पण बाबांनी नाव घेऊन "या ना, आत या" म्हटल्याशिवाय पायरी चढले नाहीत. एकदा बाबा गिऱ्हाइकाच्या नादात होते तर हा माणूस भर उन्हात पंधरा मिनिटं फुटपाथवर उभा! मी वरून बघत होते. खाली जाऊन मीच चिडले, "काका, आत यायला काय झालं?" म्हणाले, "त्यांनं पाह्यलं कुठं मले अजून?"

आणि ब्राउझरनं लाल पाटी दाखवली, की कनेक्शन सुरक्षित नाही, तरीही पुढं जायचं का, तर ते कधी पुढं गेले नाहीत. आपण सगळे जातो. मीही जाते. काका खिडकी बंद करून हात मांडीवर ठेवून बसायचे. साहेबांनी एकदा मेलवर एका साइटच्या सर्टिफिकेटच्या जोडीची खाजगी चावी मागितली. ही चावी सर्व्हरवरून हलवायची नसते, ती त्याची त्यालाच ठाऊक असावी लागते. काकांनी मेलचं उत्तर दिलं नाही आणि चार दिवस साहेबांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी साहेबांनीच त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाले, "चुकलो, बावा." तेव्हा मिटलं.

एका गिऱ्हाइकाच्या दुकानातल्या कम्प्युटरचं घड्याळ काही वर्षं मागं पडलं होतं, त्यामुळे त्याला आमची साइट उघडेना. काका फोनवर अगदी हळू आवाजात त्याला म्हणाले, "भाऊ, तुमच्या घड्याळात हे सर्टिफिकेट अजून जन्मलंच नाही. तुमी लवकर आले." मी पोट धरून हसले. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला सारखं वाटत होतं की असं एखादं दुकान खरंच असेल, जिथं अजून काहीच जन्मलेलं नाही.

माझी मोठी फजिती पंधराव्या दिवशी झाली. एक वधू-वर सूचक मंडळ होतं, दुसऱ्याच दिवशी त्यांचा मेळावा, आणि नावनोंदणी सगळी साइटवरून. सर्टिफिकेट नवं बसवायचं होतं. त्याचे तीन तुकडे मिळाले होते: एक साइटचं स्वतःचं, एक तिला ओळखणाऱ्या मधल्या संस्थेचं, आणि एक त्या मधलीला ओळखणाऱ्या मूळ, मोठ्या संस्थेचं. ते एका फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवायचे. मी चिकटवले, सर्व्हर बंद केला, चालू करायला गेले. चालूच होईना! चावी सर्टिफिकेटशी जुळत नाही म्हणे. बंद करण्याआधी तपासून पाहायची सोय असते, हे मला तेव्हा कुठं माहीत. चावी तीनदा पाहिली, बरोबर होती. मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला, मी त्यांच्यावरच ओरडले आणि मग जिन्यात जाऊन रडले.

परत आले तर काका डोळे मिटून तयार. "वाच."

"काय वाचू? सगळं बरोबर आहे!"

"तं बरोबर आहे तेच वाच."

मी वाचलं. आधी मोठ्या संस्थेचं, त्याखाली मधल्या संस्थेचं, आणि तळाशी आमच्या मंडळाच्या साइटचं. काकांनी डोळे उघडले. ते हसताना त्यांचे खांदे हलायचे, आवाज येत नसे. "लग्नपत्रिका लिवली का वं तू?"

अगाई! खरंच की. आमच्या घरच्या प्रत्येक पत्रिकेत वर कुलदैवत, मग स्वर्गवासी पणजोबांचे आशीर्वाद, मग आजोबा, आणि नवरी कुठंतरी तळाला. मोठं माणूस खाली कसं लिहायचं, म्हणून माझ्या हातानंच ते वर चढवलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता.

"इथं उलटं असते," काका म्हणाले. "पाव्हणा दारात आला. तो पहिले तुले पाह्यते, तुह्या आज्याले नाही. पहिले तू आपलं नाव सांग. मंग..."

काकांच्या दोन वाक्यांमध्ये कूलरचा पंखा चार फेऱ्या मारायचा. मला कुठला धीर! मी "मंग" ऐकायला थांबलेच नाही. वरचे दोन्ही तुकडे उडवले, एकटं साइटचं ठेवलं, सर्व्हर चालू केला. चालू झाला. कुलूप आलं. मी टाळ्या पिटल्या, चिटणिसांना फोन करून वर मलाच राग आल्यासारखं दाखवलं. दहा मिनिटांत साहेब हातात मोबाइल घेऊन आले. त्यावर भलीमोठी लाल पाटी.

"माझ्या कम्प्युटरवर तर चालून राहिलंय!" मी म्हटलं.

"मंधातला कोन?" काकांनी विचारलं. डोळे पुन्हा मिटले होते.

मला समजलं नाही. ते सावकाश सांगू लागले, आणि या वेळी मी गप बसले. "तुह्या कम्प्युटरनं त्या मंधातल्याले पहिले कुठंतरी पाह्यलं असन. ध्यानात ठेवलं असन. म्हनून तो तुले घरात घेते. साहेबाच्या फोननं नाही पाह्यलं. त्याले तू सांगतलं, मी अमकी. तो म्हनते, असशीन बाई, पन तुले वळखते कोन?"

"मग मोठ्या संस्थेचंही टाकू?"

"नाही लागत. मोठ्याले सारे वळखतात, त्याचं नाव हरेक घरी पहिलेपासून लिवून असते. अन आपलं नाव आपन विसरत नाही. सुटते तो मंधातला."

मधला तुकडा खाली जोडला. साहेबांच्या मोबाइलवरची लाल पाटी गेली. दुसऱ्या दिवशी मेळावा झाला.

तेव्हापासून माझ्या कानात ते वाक्य बसलं. काकांचा तो हुकमी प्रश्न होता. चहा आला नाही तरी ते डोळे मिटून म्हणायचे, "मंधातला कोन?" आणि गंमत म्हणजे कोणीतरी असायचाच. चहावाल्यानं ग्लास खाली आमच्याच दुकानात ठेवून दिलेले असायचे आणि बाबा ते पिऊन मोकळे झालेले असायचे.

काकांच्या मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. कोणत्या साइटच्या सर्टिफिकेटची मुदत केव्हा संपते, ते त्यावर लाल पेनानं लिहिलेलं. अमकं ज्वेलर्स, तमकं मंगल कार्यालय. मेच्या पानावर शेवटच्या आठवड्यात एका चौकोनात फक्त "पोरगी" लिहिलं होतं. मी म्हटलं, "काका, ही कोणती साइट?"

ती साइट नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी बारावीची परीक्षा देऊन बसली होती. हुशार पोट्टी, तिला मेडिकलला जायचं होतं आणि गेलीही असती. पण व्हॅलिडिटी पाहिजे होती. आमच्याकडे हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जातीचा दाखला असला तरी तो खरा आहे का, हे एक समिती तपासते, त्याला आज्या-पणज्याच्या काळचे कागद लागतात. ॲडमिशनच्या आधी तो कागद हातात नसला तर नंबर लागूनही सीट जाते. त्या चौकोनातली तारीख समितीपुढच्या शेवटच्या सुनावणीची होती.

"आज्याचा कागद आहे," काका म्हणाले. "जुनी नोंद आहे, नावासकट, जातीसकट. सोमाजी. माह्या शाळेचा दाखला आहे. बाप बहुतेक शाळेत गेलाच नाही. मी सात वर्षांचा होतो तं तो वारला. त्याचा एकही कागद नाही. समिती म्हनते, हा सोमाजी तुमचाच आजा कशावरून?" अंगठा बोटावर फिरत होता. "बरोबर इचारतात थे. मी असतो तं मीही हेच इचारलं असतं."

"बरोबर काय डोंबलाचं बरोबर!" मी भडकले. "आजा तुमचा, घर तुमचं, पोरगी तुमची!"

"मंधातला नाही ना वं," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्या प्रश्नाचा पहिल्यांदा राग आला.

साहेब मनानं चांगले होते. एका दुपारी ते काकांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. "इथंच एक माणूस आहे. दोन दिवसांत तुमच्या वडलांचा दाखला आणून देते. शाळा, शिक्का, सगळं. मी बोलतो त्याच्याशी."

काका म्हणाले, "ते सेल्फ साइन होते, साहेब."

आम्हाला तिघांनाही कळलं. कोणी ओळखणारा नसला की सर्टिफिकेट स्वतःच करून त्यावर स्वतःच सही ठोकता येते, त्याला सेल्फ साइन म्हणतात. कोणताही ब्राउझर ते लाल पाटीशिवाय घेत नाही.

"अहो, पण तिथं ब्राउझर नाही बसला, माणसं बसली आहेत. चालून जाते."

"चालून जाते, म्हनूनच तं नको."

खोटं कशाला सांगू, मी असते तर आणला असता तो दाखला. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा, आणि चढ्या आवाजात म्हटलं. घरी ही गोष्ट मुलीला कळली आणि तिनं बापाशी बोलणं टाकलं. ते मला असं समजलं की रोज दोन वाजता काकांचा मोबाइल एकदा वाजायचा. पलीकडून मुलगी विचारायची, "जेवले का, बाबा?" हे म्हणायचे, "हौ." एवढाच फोन. तो यायचा बंद झाला. दोन वाजता काका मोबाइल टेबलावर काढून ठेवायचे, आणि अडीचला परत खिशात.

सुनावणीला आठ दिवस राहिले आणि काका सलग तीन दिवस आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. एका सर्टिफिकेटचं निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेले, गोळीबार चौकाच्या मागं, अरुंद गल्लीत. दार मुलीनं उघडलं. काका आतल्या बाजेवर पडले होते. कागद शोधायला तीनदा उमरेडला जाऊन आले आणि ऊन लागलं. उशाशी कांदा ठेवलेला, डोळे मिटलेले, अंगठा फिरत होता.

"त्यांना विचारा, पन्हं घेता का," मुलगी मला म्हणाली. बाप चार हातांवर होता.

मला तिनं पाणी आणून दिलं. पूर्वी उमरेडहून आणलेला माग होता त्या कोपऱ्यात आता पाण्याचा एक जुना तांब्याचा गुंड, म्हणजे मोठी घागर, होता, त्यातून काढून. आता आमच्या घराण्याची एक खोड सांगते. आम्ही भांडीवाले. कोणाकडे गेलो की पाणी प्यायच्या आधी भांड्याच्या काठावरचं नाव वाचतो. बाबा तर लग्नाच्या पंगतीत पेला उलटा करतात. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर कोणी कोणाला दिलं ते ठोकून घालायची आपल्याकडे रीत, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. मी उठून गुंडाच्या गळ्यावरून बोट फिरवलं. काळ्या थराखाली ठिपके लागले.

"लिंबू आहे का घरात?"

मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ऊन मलाच लागलंय. लिंबू नव्हतं, चिंच होती. आम्ही दोघी खाली बसून घासू लागलो. हळूहळू तांबं लाल झालं आणि अक्षरं वर आली. मी सवयीनं मोठ्यानं वाचलं, जसं ऑफिसात वाचायचे तसं. "श्री. सोमाजी यांजकडून चि. दशरथ ऊर्फ नत्थू यास लग्नात भेट."

"थांब," बाजेवरून आवाज आला. "मागचं वाच."

"चि. दशरथ ऊर्फ..."

"दशरथ कोन?" काका उठून बसले होते. डोळे सताड उघडे.

बापाचं नाव नत्थू. त्यांना तेवढंच माहीत होतं, त्यांच्या सगळ्या कागदांवर तेच होतं. गुंडाजवळ येऊन त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं, आणि मग अगदी हळू, झोपेत बोलल्यासारखं बोलू लागले. त्यांच्या बापाच्या आधीची भावंडं जगली नव्हती. अशा घरी पोरगा झाला की त्याचं नाक टोचतात, त्याला नत्थू म्हणतात. काळ पोरगा न्यायला आला तर त्याला वाटावं, ही तर पोरगी, आणि त्यानं पुढं जावं. "बापाच्या नाकाले भोक होतं. मी त्याच्या मांडीवर बसून बोट लावून पाह्यचो. हे कायचं भोक, त्यानं कधी सांगतलं नाही." आणि आईनं? आईनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. हेही नाही, तेही नाही. बायका घेत नसत.

मग त्यांचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं रडतायत. ते हसत होते. "आजीनं त्याले एन्क्रिप्ट केलं होतं वं. काळाले वाचताच येऊ नये. अन आज्यानं चावी ह्या गुंडावर लिवून ठेवली." एकदम थांबून ते म्हणाले, "मी उमरेडच्या शाळेत तीनदा नत्थू इचारला. चुकीच्या नावानं दार ठोकून राहिलो होतो."

मुलगी हातात चिंचेचा गोळा घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी उमरेडला मी काकांबरोबर गेले, कारण तिथं भांडणारं माणूस पाहिजे होतं. शाळेला सुट्ट्या, एकटा क्लार्क पंख्याखाली बसलेला. म्हणाला, जुनी रजिस्टरं आता निघत नाहीत. मी आत शिरून काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. काका उंबऱ्याबाहेर उभे होते. क्लार्कनं शेवटी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी ना, नत्थू शोधत आलते? या ना, आत या." मग काका आत आले, आणि म्हणाले, "नत्थू नाही. दशरथ पाहा."

रजिस्टरची पानं पापडासारखी झाली होती. क्लार्क बोटानं खाली खाली येत गेला आणि थांबला. दशरथ. बापाचं नाव सोमाजी. जात, तीही स्पष्ट. इयत्ता पहिली. पुढच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण: मागावर बसतो.

"ते पुन्हा वाचा," काका म्हणाले.

"मागावर बसतो," क्लार्कनं वाचलं.

काकांनी त्याच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. बाप शाळेत गेला होता. एका वर्षासाठी का होईना, पण खरं नाव सांगून बसला होता. मला रडू आवरेना, आणि ज्या क्लार्कला मी घटकाभरापूर्वी नको ते बोलले होते त्यानंच मला पाणी दिलं. पेला उलटा करून पाहायचं मला भान राहिलं नाही.

सुनावणीला त्या नोंदीची नक्कल गेली, आणि कापडात बांधून गुंडही गेला, कारण नक्कल दशरथची होती आणि दशरथ म्हणजेच नत्थू, हे सांगणारा तो एकटाच होता. मी तिथं नव्हते. काका म्हणाले, तिथल्या साहेबानं चष्मा लावून गुंड उचलला आणि तोंडातल्या तोंडात वाचला. मग पुन्हा वाट पाहणं आलं. काका ऑफिसात येऊ लागले. दोन वाजता मोबाइल टेबलावर, अडीचला खिशात. गुंड सापडला तरी पोट्टीनं तोंड उघडलं नव्हतं. कागद हातात पडेपर्यंत नाही म्हणजे नाही, असा तिचा बाणा होता. मला त्यात माझंच पाणी दिसायचं.

आणि मग ती दुपार. खाली इतवारी निजलेली, कूलर घरघरतोय, मीही पेंगतेय. आजही मला शपथेवर सांगता येणार नाही की यातलं किती जागेपणी पाहिलं. दारात मुलगी उभी होती. उन्हानं लाल झालेली, हातात लांब पाकीट. उंबऱ्याच्या आत आली नाही. अगदी बापासारखी उभी होती.

काकांचे डोळे मिटलेले. पावलांचा आवाज त्यांना माझाच वाटला असावा. "वाच," ते म्हणाले.

मी उठणार होते. तिनं मला हातानं बसवलं. पाकिटातून व्हॅलिडिटीचा कागद काढला, त्यामागची वंशावळीची नक्कल काढली, आणि वाचू लागली. आवाज ऐकून काकांची मान किंचित वळली, पण डोळे तसेच.

"खालून वाच," ते म्हणाले. "पहिले आपलं नाव."

तिनं स्वतःचं नाव वाचलं. मग त्यांचं. मग दशरथ ऊर्फ नत्थू. मग सोमाजी. नावांमध्ये कूलर फिरत होता. काकांचा अंगठा बोटावर प्रत्येक नावाला एक पीळ देत होता.

"मंधातला कोन?" त्यांनी विचारलं.

दशरथ, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती उंबरा ओलांडून आत आली.

"तुम्हीच ना, बाबा," ती म्हणाली. "जेवले का?"

काकांचा अंगठा थांबला. मी त्यांच्या शेजारी दोन वर्षं बसले होते, तो थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. डोळे त्यांनी बराच वेळ उघडले नाहीत, आणि "हौ" म्हणायलाही त्यांना बराच वेळ लागला.